शेतात राबतो, मग वेगळा व्यायाम कशाला? ताकदीच्या व्यायामाबद्दल आपल्या भागातला एक मोठा गैरसमज

मागच्या वर्षी श्रावणात माझी आई गोठ्याच्या पायरीवर घसरली. वय 67. नशिबानं खुबा वाचला, मनगटावर निभावलं. सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये. प्लॅस्टर काढायला गेलो तेव्हा तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला एक साधी गोष्ट करायला सांगितली. "आजी, दोन्ही हात छातीवर घ्या आणि खुर्चीतनं उठा." आई उठायला गेली, पण उठता येईना. पुढं झुकली, मागं बसली, पुन्हा झुकली. शेवटी हात टेकूनच उठली.

मी बघतच राहिलो. ज्या बाईनं तीस-चाळीस वर्षं डोक्यावरनं वैरणीचे भारे वाहिले, तिला खुर्चीतनं उठता येत नाही? मॅडम म्हणाल्या, "मनगट जुळलंय, पण पडण्याचं मूळ कारण तसंच आहे. मांड्यांत ताकद राहिलेली नाही. आठवड्यातनं दोन-तीन दिवस व्यायाम करावा लागेल."

येताना गाडीवर मागं बसून आई बडबडत होती. "आरं, मी काय बसून हाय व्हय? सकाळी उठल्यापास्नं शेण, धारा, भाकरी, भांगलण. आनि आता ह्या वयात व्यायाम? लोक हसतील."

आईचा हा प्रश्न आपल्या दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक घरातला आहे. मलाही तेव्हा उत्तर देता आलं नाही. मी काही डॉक्टर नाही. बातम्या देतो आणि उसाचं व सोयाबीनचं शेत करतो. पण तेव्हापासनं ह्या विषयावर वाचलं, जाणकारांना विचारलं, आणि स्वतःवर करूनही पाहिलं. त्यातनं जे समजलं ते इथं मांडतोय.

काम म्हणजे व्यायाम नव्हे

आधी हे बघू की आपण खरंच किती राबतो. राग मानू नका, पण हिशेब मांडून बघा. माझ्या आजोबांनी मोट हाकली. वडिलांनी बैलांचा नांगर धरला. मी ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो. टेंभूचं पाणी आमच्या शिवारात आलं, ऊस आला, ठिबक आलं. रात्री मोटर चालू करायला आता विहिरीपर्यंत जावं लागत नाही, स्टार्टरला मोबाईल जोडलाय, अंथरुणातनं मिस कॉल दिला की काम झालं. फवारणीला बॅटरीचा पंप, कडब्याला कुट्टी मशीन, आणि शेताच्या बांधापर्यंत मोटरसायकल. दळण गिरणीतनं, पाणी नळाला. पंगत जाऊन बुफे आला, त्यामुळं मांडी घालून बसणं आणि हात न टेकता उठणं हेही गेलं. भूक मात्र आजोबांचीच राहिली.

दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची. जे खरंच राबतात, म्हणजे ऊसतोड मजूर, हमाल, भांगलणीच्या बायका, त्यांचं काय? त्यांचं काम अतिशय कष्टाचं आहे, पण ते अंग घडवणारं नाही, झिजवणारं आहे. भांगलणीत बाई दिवसभर एकाच बाजूला वाकलेली असते. तेच स्नायू, तोच सांधा, तीच हालचाल हजार वेळा. बाकीचं अंग तसंच राहतं. त्यात भार हळूहळू वाढवत नेणं नाही, दमल्यावर विश्रांती नाही, आणि खाणंही बेताचं.

ताकदीच्या व्यायामात नेमकं उलट असतं. स्नायूला नेहमीपेक्षा थोडा जास्त भार द्यायचा, तोही थोडाच वेळ. मग एक-दोन दिवस त्याला सोडून द्यायचं. भार दिल्यावर स्नायूच्या बारीक धाग्यांना ताण बसतो, विश्रांतीत आणि खाण्यातनं ते दुरुस्त होतात, आणि दुरुस्त होताना आधीपेक्षा जरा दणकट होतात. मग भार आणखी थोडा वाढवायचा. खोंडाला पहिल्या दिवशी कुणी नांगराला जुंपत नाही. आधी मोकळं जू, मग हलका ओंडका, मग रिकामी गाडी, मग भरलेली. ही गोष्ट आपण जनावराच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या पाळली, स्वतःच्या बाबतीत विसरलो.

वजन लोखंडाचंच पाहिजे असं काही नाही. जोर मारताना आपल्याच अंगाचं वजन हातावर येतं, बैठका मारताना मांड्यांवर येतं. म्हणजे आपल्या तालमीत जे चालायचं तो ताकदीचाच व्यायाम.

हा वारसा आपलाच

खरं म्हणजे ह्या विषयावर सातारा-सांगलीनं दुसऱ्यांना शिकवावं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी 1962 च्या जकार्ता एशियाडमध्ये कुस्तीत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदकं मिळवली. त्याआधी खटाव तालुक्यातल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि संस्थानातल्या शाळांतल्या पोरापोरींकडनं घालून घ्यायचे. राजानं व्यायामावर पुस्तक लिहायचं आणि रयतेला सोबत घेऊन नमस्कार घालायचे, असं चित्र दुसरीकडं क्वचितच दिसेल.

अलीकडचं उदाहरण सांगलीच्या संकेत सरगरचं. वडिलांची पानपट्टी आणि चहाची टपरी. 30 जुलै 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो वजनगटात त्यानं रौप्यपदक घेतलं. त्या स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक. दोन प्रकारांत मिळून 248 किलो. एका प्रकारात 113, दुसऱ्यात 135. युरियाचं पोतं आता 45 किलोचं येतं. म्हणजे 55 किलोच्या पोरानं युरियाची तीन पोती एका दमात डोक्यावर धरली असं समजा. पुढच्या प्रयत्नात कोपराला दुखापत झाली आणि सुवर्ण फक्त एका किलोनं गेलं. आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारीनं 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये 16.32 मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. एका हाताला कायमचं अपंगत्व असताना.

पण ह्या अभिमानाचीच एक अडचण झालीय. ताकद म्हणजे पैलवानाची गोष्ट, तरुण पोराची गोष्ट, असं आपण ठरवून टाकलं. तालीम मारुतीच्या देवळाशेजारी, तिथं बायकांनी जायचं नाही, आणि लग्न झालं की पुरुषानंही लंगोट खुंटीला टांगायचा. पोलीस भरती आणि सैन्य भरतीची पोरं पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. भरती झाली किंवा वय गेलं की तीही थांबतात. वयस्कर मंडळी फार तर चालायला जातात. चालणं चांगलंच, हृदयाला हवंच. पण नुसत्या चालण्यानं स्नायू राखले जात नाहीत.

आणि ज्याला ह्या व्यायामाची सगळ्यात जास्त गरज आहे तो विशीतला पोरगा नाहीच. गरज आहे माझ्या आईला. आणि तुमच्या.

चाळिशीनंतर आत काय चालतं

माणसाचे स्नायू तिशीनंतर हळूहळू कमी व्हायला लागतात. दर दहा वर्षांना साधारण 3 ते 8 टक्के, आणि साठीनंतर वेग वाढतो. वजन काट्यावर तेच दिसतं, कारण स्नायूच्या जागी चरबी येते. म्हणून कळत नाही. कळतं ते एसटीची पायरी चढताना, किंवा शौचाहून उठताना भिंत धरावी लागते तेव्हा.

ताकद गेली की तोल जातो. पाय अडखळल्यावर तरुण माणूस दुसरा पाय झटकन पुढं टाकून सावरतो. म्हाताऱ्या माणसाचा पाय पुढं येतो, पण भार घेत नाही. मग पडणं, खुबा मोडणं, ऑपरेशन, अंथरूण. खुबा मोडलेली म्हातारी पुन्हा पहिल्यासारखी हिंडती फिरती होईलच असं नसतं, हे गावात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. ऑपरेशनचा खर्च निघतो एखाद्या योजनेतनं, पण वर्षभर घरातलं एक माणूस तिच्याजवळ अडकतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा सून असते.

बायकांचं दुखणं दुहेरी आहे. पाळी गेल्यावर शरीरातलं एक संप्रेरक घटतं आणि हाडं भराभर विरळ व्हायला लागतात. आपल्याकडं पिशवी काढलेल्या बायका गावोगाव आहेत. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर ही झीज पस्तिशी-चाळिशीतच सुरू होते. ऑपरेशन करताना हे किती जणींना सांगितलं जातं? मी माझ्या भावकीत विचारून पाहिलं, एकीलाही माहीत नव्हतं.

हाडाचं एक बरं असतं, त्याला भार कळतो. स्नायू हाडाला ओढतो, तेव्हा हाडाला समजतं की इथं मजबुती पाहिजे. ऑस्ट्रेलियात 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी गेलेल्या, हाडं ठिसूळ होत चाललेल्या बायकांकडनं आठ महिने, आठवड्यातनं दोनदा, फक्त अर्धा-अर्धा तास वजनाचा व्यायाम करून घेतला, जाणकाराच्या देखरेखीखाली. त्यांच्या कण्याच्या हाडाची घनता जवळपास 3 टक्क्यांनी वाढली. ज्या बायका घरी हलका व्यायाम करत होत्या त्यांची घटली. तीन टक्के म्हणजे काय मोठं, असं वाटेल. पण जे दरवर्षी घटतच जातं ते वाढणं ही मोठी गोष्ट आहे.

आता वय फार झालं, आता काय उपयोग, असं म्हणणाऱ्यांसाठी अजून एक. 1990 साली अमेरिकेत बोस्टनच्या एका वृद्धाश्रमात 86 ते 96 वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली. नव्वदीतल्या माणसांची! त्यातल्या दोघांनी चालताना काठी वापरणं सोडलं.

साखरेचं गोदाम

आपल्या भागात कारखान्यांची कमी नाही, म्हणून हे उदाहरण लवकर पटेल. आपण भाकरी-भात खातो, त्याची रक्तात साखर होते. ती साखर ठेवायचं सगळ्यात मोठं गोदाम म्हणजे स्नायू. गोदाम मोठं आणि रोज माल उचलणारं असेल तर साखर आत जाते, वापरली जाते. गोदाम लहान झालं, माल उचललाच जाईना, तर पोती रस्त्यावर पडून राहतात. रक्तात साखर वाढते ती अशी.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 च्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, आणि त्याहून जास्त लोक काठावर आहेत. हा शहरातल्या खुर्चीवाल्यांचा आजार, असं म्हणायचे दिवस गेले. गावच्या मेडिकल दुकानात अर्धा तास उभं राहून बघा, काय काय गोळ्या जातात ते. ताकदीच्या व्यायामानं गोदाम वाढतं आणि व्यायाम झाल्यावर पुढं काही तास स्नायू साखर जास्त ओढून घेतात. ह्याचा अर्थ गोळ्या बंद करा असा नाही. गोळी आणि इन्शुलिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. व्यायाम सुरू केल्यावर साखर खाली येऊ शकते, म्हणूनही डॉक्टरांना सांगणं जरुरीचं.

गुडघ्याचंही असंच आहे. गुडघा दुखतो म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिला की मांडीचा स्नायू वाळतो, स्नायू वाळला की सगळा भार सांध्यावर, मग गुडघा अजून दुखतो. मांडीचा व्यायाम हा झिजलेल्या गुडघ्यावरच्या पहिल्या उपचारांपैकी आहे, तेल आणि पट्ट्याच्या आधीचा.

एक अभ्यास मला विशेष वाटला. भारतासह 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार लोकांच्या हाताची पकड मोजली आणि चार वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. 2015 ला तो प्रसिद्ध झाला. ज्यांची पकड कमजोर त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त, आणि रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा पकडीवरनं हा अंदाज जास्त चांगला बांधता आला. पकड वाढवली की आयुष्य वाढलंच, असा त्याचा सरळ अर्थ नाही. पण अंगातली एकूण ताकद हाताच्या मुठीत दिसते. जुनी माणसं सोयरीक जुळवताना पोराचा हात हातात घेऊन बघायची, ते काही उगीच नव्हतं म्हणायचं.

मनाचंही सांगतो, कारण आपल्याकडं त्यावर कुणी बोलत नाही. ताकदीच्या व्यायामानं उदासपणा कमी होतो हे अनेक अभ्यासांत दिसलंय. मला अभ्यासाची गरज पडली नाही. गेल्या हंगामात सोयाबीन हमीभावाच्या खाली गेलं तेव्हा रात्री झोप लागत नव्हती. ज्या दिवशी बैठका मारल्या त्या रात्री लागायची. दर तेवढाच राहिला, पण झोप लागली.

घरच्या घरी कसं करायचं

जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की मोठ्या माणसानं आठवड्यातनं किमान दोन दिवस अंगातल्या सगळ्या मोठ्या स्नायूंचा व्यायाम करावा, चालणं-फिरणं वेगळं. 65 च्या पुढच्यांनी तोल सांभाळण्याचा सराव आठवड्यातनं तीन दिवस करावा. रोज जिमला जायची अट कुठंच नाही. तालुक्याला जिम आहे, पण जाऊन-येऊन पेट्रोल कोण घालणार. आणि काही गावांत ग्रामपंचायतीनं बसवलेली लोखंडी यंत्रं असतात, तिथं पोरं झोके घेतात. त्यातल्या बऱ्याच यंत्रांवर भार वाढवायची सोयच नसते. हालचाल होते, ताकद बेताचीच वाढते.

आईला त्या मॅडमनी जे दिलं तेच सांगतो. भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्यायची, प्लॅस्टिकची हलकी नको, सरकते. हात छातीवर, पुढं झुकून उठायचं, हळू बसायचं. बसताना धपकन पडायचं नाही, बसणं हाच अर्धा व्यायाम. पहिल्यांदा आईला जमेना म्हणून खुर्चीवर दोन चवाळी घडी करून ठेवली, उंची वाढली, मग जमलं. महिन्यानं एक चवाळं काढलं.

दुसरा व्यायाम भिंतीचे जोर. भिंतीपासनं दोन-अडीच फुटांवर उभं राहून हात भिंतीला टेकायचे, कोपरं वाकवून छाती भिंतीजवळ न्यायची, परत ढकलायचं. हे सोपं झालं की ओट्यावर हात ठेवून, मग बाजेवर, आणि ज्याला जमेल त्यानं जमिनीवर. हेच आपले जोर. वय आणि ताकद बघून फक्त उंची बदलायची.

तिसरं ओढण्याचं काम. सायकलची जुनी ट्यूब गोठ्याच्या खांबाला बांधायची, दोन टोकं दोन हातांत धरायची, कोपरं मागं नेत ओढायचं. भांगलणीनं आणि मोबाईलनं पुढं आलेले खांदे ह्यानं मागं जातात. ट्यूब चिरलेली नाही ना, हे आधी बघा. तोंडावर सुटली तर वेगळाच दवाखाना.

चौथं, उचलणं. पाच लिटरच्या कॅनमध्ये पाणी भरलं की पाच किलो वजन झालं. दोन हातांत दोन कॅन. कंबर सरळ ठेवून, ढुंगण मागं नेत, गुडघे थोडे वाकवून कॅन जमिनीवरनं उचलायचे, उभं राहायचं, परत ठेवायचे. पाठीची कमान करायची नाही. पोतं उचलायची खरी रीत हीच आहे: वस्तू अंगाला चिकटून, आणि जोर मांड्यांचा. ही रीत अंगवळणी पडली तर निम्म्या कंबरा वाचतील. तेच कॅन हातात घेऊन अंगणात चाललं की पकडीचाही व्यायाम होतो.

शेवटी खांब धरून टाचा वर उचलणं, आणि खांबाजवळच एका पायावर उभं राहणं. आधी एक बोट टेकवून, मग न टेकता.

किती करायचं? प्रत्येक प्रकार 8 ते 12 वेळा, मग दीड-दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा तेवढंच. शेवटचे दोन-तीन अवघड गेले पाहिजेत, तरच उपयोग. बारा सहज व्हायला लागले की भार वाढवायचा. पाच लिटरच्या जागी दहा लिटर. आठवड्यातनं दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. सगळं मिळून अर्धा तास. व्यायाम करताना श्वास कोंडायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. पहिल्या आठवड्यात अंग दुखेल, बैठकांनंतर जिना उतरताना तर रडू येईल. ते दोन-तीन दिवसांत जातं. सांध्यात कळ मारली तर मात्र थांबा.

पहिल्या महिन्या-दीड महिन्यात जी ताकद वाढते ती स्नायू फुगून नाही. मेंदू आणि नसा स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात. म्हणून आरशात फरक दिसत नाही, आणि बरीच मंडळी इथंच सोडून देतात.

जमलं की नाही हे बघायची एक चाचणी आहे. अर्ध्या मिनिटात हात न टेकता खुर्चीतनं किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. अमेरिकेच्या आरोग्य यंत्रणेनं त्याचे आकडे ठरवलेत. 60 ते 64 वयाच्या पुरुषाला 14 आणि बाईला 12 च्या खाली आले तर पडण्याचा धोका. 65 ते 69 मध्ये पुरुषाला 12, बाईला 11. शेजारी कुणाला तरी उभं करून मगच चाचणी घ्या.

खाणं, आणि ती इंजेक्शनं

व्यायाम केला आणि खाल्लंच नाही, तर विटा आणल्या आणि सिमेंट नाही अशी गत. प्रथिनं लागतात. सरकारी पोषण संस्थेच्या हिशेबानं निरोगी माणसाला दर किलो वजनामागं रोज साधारण 0.83 ग्रॅम, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 50 ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सहा-सात, पेलाभर दुधात सहा-सात. हुलगा, मटकी, हरभरा आपल्याच रानातले. गंमत बघा, आपण सोयाबीन पिकवतो, त्यात शंभर ग्रॅमला पस्तीसच्या वर प्रथिनं, पण घरात किती जण खातात? सगळं बाजारात. दूधही डेअरीला, आणि घरात चहापुरतं. घरातल्या बाईच्या ताटात तर शेवटी उरलेलं कोरड्यास. ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

तरुण पोरांना एक सांगायचंय. लवकर बॉडी दिसावी म्हणून जिममध्ये इंजेक्शनं घ्यायचं खूळ गावापर्यंत पोचलंय. त्यात स्टेरॉइड असतात, आणि एक तर ऑपरेशनच्या वेळी भुलीमुळं पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे. धडधाकट पोरानं ते टोचलं तर हृदयाची गती आणि रक्तदाब कुठल्या कुठं जाईल. सवय लागते ती वेगळीच. कुणी "व्हिटॅमिनचं आहे" म्हणून देत असेल तर घेऊ नका, आणि घरच्यांनी पोराच्या बॅगेत सिरिंज दिसली तर गप्प बसू नका.

हृदयविकार असलेले, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेले, रक्तदाब ताब्यात नसलेले, हर्निया असलेले, नुकतं पोटाचं ऑपरेशन झालेले आणि गरोदर बायका यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. विचारा म्हणजे टाळा असं नाही. यांतल्या बऱ्याच जणांना डॉक्टर स्वतःच बेतशीर व्यायाम सांगतात. छातीत दुखलं, चक्कर आली, दम भरून राहिला, तर तिथंच थांबून दवाखाना गाठा.

आईचं सांगायचं राहिलं. पहिले दोन आठवडे ती मागच्या खोलीत दार लावून करायची, कुणी बघू नये म्हणून. मग शेजारच्या काकूंनी पाहिलं. त्या हसल्या नाहीत, "मला बी दाव" म्हणाल्या. आता सोमवारी आणि गुरुवारी दुपारी आमच्या सोप्यात चार बायका असतात, चार खुर्च्या, आठ कॅन आणि भरपूर हसणं. काकूंच्या सुनेनं पाठीचं दुखणं सांगितलं म्हणून तिलाही ट्यूब ओढायला लावलीय.

मॅडमकडं पुन्हा गेलो होतो, तेव्हा अर्ध्या मिनिटात आई नऊ वेळा उठली. आकड्याप्रमाणं अजून दोन कमी आहेत. येताना गाडीवर म्हणाली, "दिवाळीपतुर अकरा करती बघ." मग जरा थांबून, "आनि तुझं किती हुत्यात रं?"

माझे सतरा होतात. तिला चौदा सांगितले.